चाचण्यांची पारख : प्रस्तावना

जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या निदानाबद्दल एक शिफारस जाहीर केली. टीबीसाठी बाजारात मिळणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडी चाचण्या वापरू नका, एवढेच तिचे सांगणे होते. कोणती चाचणी वापरावी हे संघटना नेहमीच सांगत आली होती. टीबीच्या क्षेत्रात एखादी चाचणी वापरूच नका असे बजावण्याची ही तिची पहिलीच वेळ. आपल्याकडे त्या काळात या चाचण्यांचे पेव फुटले होते. भारतात वर्षाला सुमारे पंधरा लाख अशा चाचण्या होत असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज होता. त्या प्रामुख्याने खासगी लॅबमध्ये होत आणि पैसे रुग्णाच्या खिशातून जात. अनेक किट युरोप-अमेरिकेत तयार होत असले, तरी कोणत्याही मान्यताप्राप्त नियामक संस्थेने त्यांना मंजुरी दिलेली नव्हती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने या किटची आयात, उत्पादन, विक्री आणि वापर या सगळ्यांवर बंदी घातली.

या बंदीमागे प्रयोगशाळेतला कुठलाही नवा शोध नव्हता. जे अभ्यास आधीच छापून झाले होते ते सगळे शोधून काढायचे, एकेकाची कसून तपासणी करायची आणि मग त्यांचे आकडे एकत्र मांडायचे, असे ते काम होते. कॅरेन स्टाइनगार्ट, मॅकगिल विद्यापीठातले मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. फुफ्फुसाच्या टीबीवरचे ६७ अभ्यास त्यांच्या हाती लागले. टीबी असलेल्या शंभरांपैकी किती जणांना चाचणी पकडते, याचे उत्तर वेगवेगळ्या अभ्यासांत ० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. टीबी नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती बरोबर 'नाही' म्हणते, याचे उत्तर ३१ ते १०० टक्के.

शून्य ते शंभर. एकाच प्रकारच्या चाचण्यांबद्दल प्रामाणिक संशोधकांनी दिलेली उत्तरे इतकी लांब का जावीत? आणि ती तशी जात असतील, तर तालुक्याच्या गावात खोकल्याचा रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टरांनी त्यातले कुठले उत्तर धरायचे? हे पुस्तक या दोन प्रश्नांसाठी आहे. औषधांच्या परिणामांचे आढावे कसे घ्यावेत यावर आता पुष्कळ लिहिले गेले आहे. निदानचाचण्यांच्या अचूकपणाचा पद्धतशीर आढावा ही मात्र त्यामानाने तरुण शाखा आहे, आणि मराठीत तिच्याबद्दल सलग असे काही वाचायला मिळत नाही. उपचाराची सुरुवात निदानापासून होते. निदान चुकले तर उत्तम औषधही चुकीच्या माणसाच्या पोटात जाते. म्हणून मला ही उणीव फार मोठी वाटते.

वर जी दोन मापे आली, त्यांना आपण संवेदनशीलता आणि विशिष्टता म्हणतो. ही जोडी आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, पण ती वैद्यकात रुळण्यात टीबीच्याच एका अडचणीचा मोठा वाटा आहे हे फारसे सांगितले जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत छातीच्या एक्स-रेने सामूहिक तपासणी करायची होती आणि फिल्मची कोणती पद्धत चांगली हे ठरवायचे होते. पाहणीत वेगळाच गोंधळ पुढे आला. तेच एक्स-रे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी वेगवेगळे वाचले. एवढेच नाही, तर त्याच तज्ज्ञाने काही काळाने तीच फिल्म पुन्हा पाहिली तेव्हा त्याचे मतही बदलले. या आकड्यांवर काम करणाऱ्या जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ साली मांडले की चुका दोन जातींच्या असतात, त्या वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत आणि एकीचा हिशेब दुसरीत मिसळू नये. पुढच्या सगळ्या पद्धतींचा पाया इथे आहे.

दोन्ही चुका रुग्णाला कशा भोवतात ते एकदा आकड्यांत पाहू. त्या आढाव्यात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या रक्तचाचणीची संवेदनशीलता, बेडक्यात जंतू दिसलेल्या रुग्णांत, सरासरी ७६ टक्के निघाली आणि विशिष्टता ९२ टक्के. कानाला हे आकडे वाईट वाटत नाहीत. आता समजा, खोकला घेऊन आलेल्या एक हजार माणसांपैकी शंभरांना खरोखर टीबी आहे. चाचणी त्यातल्या ७६ जणांना पकडेल, २४ जण 'निगेटिव्ह'चा कागद घेऊन घरी जातील आणि घरातल्यांना संसर्ग देत राहतील. टीबी नसलेल्या ९०० जणांपैकी आठ टक्के, म्हणजे ७२ जण, पॉझिटिव्ह ठरतील. एकूण १४८ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी ७२ खोटे. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांवर सहा महिन्यांची औषधे, त्यांचे यकृतावरचे परिणाम, गेलेली मजुरी आणि ठरलेले लग्न मोडण्याची भीती उगाचच लादली जाणार.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे. बेडक्यात जंतू दिसले तर रक्तचाचणीची गरजच काय? गरज असते ती जंतू न दिसणाऱ्या रुग्णांत. त्यांच्यात हीच संवेदनशीलता ५९ टक्क्यांवर आली, आणि त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता १० पासून ९६ टक्क्यांपर्यंत होती. इतक्या अभ्यासांनंतरही नेमक्या हव्या त्या रुग्णांबद्दल आपल्याला जवळपास काहीच ठाऊक नव्हते. एका ओळीतली सरासरी वाचून थांबणाऱ्याला हे दिसत नाही. आढाव्याने ते उघड केले. मला तर त्या ६७ अभ्यासांचे मोल त्यांच्या सरासरीपेक्षा या उघड झालेल्या अज्ञानात जास्त वाटते.

अभ्यासाअभ्यासात फरक का पडतो, याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चाचणी कुणावर केली. १९७८ साली डेव्हिड रॅन्सोहॉफ आणि अल्वान फाइनस्टाइन यांनी हे खडसावून सांगितले. त्यांच्यासमोर मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीच्या सीईए या रक्तचाचणीचे उदाहरण होते. १९६९ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा कर्करोगाच्या जवळपास प्रत्येक रुग्णात पॉझिटिव्ह आली होती आणि मोठी आशा निर्माण झाली होती. पण त्या पहिल्या रुग्णांपैकी बहुतेकांचा आजार पुढे गेलेला होता. सुरुवातीच्या कर्करोगात ती कमी पडू लागली आणि कर्करोग नसलेल्या, पण दुसरे आजार असलेल्या माणसांतही पॉझिटिव्ह येऊ लागली. एका टोकाला खाटेला खिळलेले रुग्ण आणि दुसऱ्या टोकाला ठणठणीत स्वयंसेवक घेतले, तर कोणतीही चाचणी हुशार दिसते. दवाखान्यात येणारा माणूस या दोन टोकांच्या मधला असतो.

ही केवळ शंका नव्हती. ॲम्स्टरडॅमच्या येरोएन लाइमर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये, आधी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचाच अभ्यास केला. उघड आजारी आणि उघड निरोगी असे दोन वेगळे गट घेऊन केलेल्या अभ्यासांत अचूकपणाचे एकत्रित माप सुमारे तिपटीने फुगलेले त्यांना आढळले. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण शीत त्याच भांड्यातले हवे. किटच्या माहितीपत्रकावर छापलेला ९८ टक्क्यांचा आकडा पाहिला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही माणसे कोण होती.

दुसरा प्रश्न, कशाशी ताडून? चाचणी चुकली की बरोबर आली हे ठरवायला तिच्याहून भरवशाची कसोटी लागते. टीबीसाठी कल्चर ही तशी कसोटी आहे. सगळ्या आजारांचे नशीब इतके चांगले नसते. विषमज्वराचे घ्या. त्याची कसोटी म्हणून रक्ताचे कल्चर वापरतात, पण रक्तात जंतू कमी असतात, रुग्णाने आधीच अँटिबायोटिक घेतलेले असते आणि खऱ्या विषमज्वराचे कितीतरी रुग्ण कल्चरमध्ये निसटतात. अस्थिमज्जेचे कल्चर जास्त पकडते, पण तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या हाडात सुई घालायला कोण तयार होईल? मग नवी चाचणी पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह असेल तेव्हा खोटे कोण, हे सांगता येत नाही. अशा वेळी कोणतीच कसोटी पूर्ण खरी न मानता अनेक चाचण्यांच्या उत्तरांवरून आजाराची शक्यता काढणारी सांख्यिकी प्रतिमाने वापरतात. ती उपयोगी आहेत. मात्र त्यांच्या पोटात असलेली गृहीतके वाचकाला दिसली पाहिजेत, असा आग्रह या पुस्तकात धरला आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

यालाच लागून एक फसवी गोष्ट येते. पुष्कळ अभ्यासांत नवी चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांचीच पुढे बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेने खात्री केली जाते. निगेटिव्ह आलेल्यांना घरी पाठवले जाते. त्यांच्यातले निसटलेले रुग्ण मोजलेच जात नाहीत आणि संवेदनशीलता आपोआप चढते. कॉलिन बेग आणि रॉबर्ट ग्रीन्स यांनी १९८३ मध्ये यावर दुरुस्तीचे गणित दिले. पण ज्यांची खात्री केली नाही त्यांची माहितीच नोंदलेली नसेल, तर गणित काय करणार?

वेळेचा प्रश्न तर आपण सगळ्यांनी कोविडच्या साथीत जवळून पाहिला. वैद्यकीय पुराव्यांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात कोविडच्या अँटिबॉडी चाचणीची संवेदनशीलता लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ३० टक्के, दुसऱ्यात ७२ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के निघाली. चाचणीचा प्रकार तोच. तिन्ही आठवड्यांची सरासरी काढून एक आकडा छापला असता तर तो कुठल्याच रुग्णाला लागू पडला नसता.

आता पद्धतींच्या गाभ्याकडे येऊ. औषधाच्या आढाव्यात प्रत्येक अभ्यासातून परिणामाचे एकच माप घेऊन त्यांची भारित सरासरी काढता येते. चाचणीच्या प्रत्येक अभ्यासातून दोन मापे येतात आणि ती एकमेकांना बांधलेली असतात. साखरेचा, प्रथिनांचा किंवा अँटिबॉडीचा उंबरठा खाली आणला की जास्त आजारी सापडतात, पण निरोगीही जास्त सापडतात. उंबरठा वर नेला की उलट. रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसत्या गडबडीचा, हे ओळखण्याच्या युद्धकाळातल्या प्रश्नातून या देवघेवीचा आलेख जन्माला आला. पुढे त्याच वक्ररेषेवर वैद्यकातल्या चाचण्या मांडल्या जाऊ लागल्या.

दोन मापांची वेगवेगळी सरासरी काढली तर काय बिघडते? समजा, एका अभ्यासात उंबरठा खाली ठेवल्यामुळे संवेदनशीलता ९५ आणि विशिष्टता ५० आली. दुसऱ्यात उंबरठा वर, म्हणून ५० आणि ९५. वेगवेगळ्या सरासऱ्या ७२.५ आणि ७२.५ येतात. पण दोन्ही अभ्यासांत चाचणीची ओळखण्याची मूळ ताकद एकच आहे असे धरून वक्ररेषा काढली, तर मधल्या उंबरठ्यावर ही चाचणी दोन्ही बाजूंनी ८१ टक्क्यांच्या आसपास पोचते. साध्या सरासरीने चांगल्या चाचणीवर अन्याय केला. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा स्वतः करून पाहावे. पुढची चार पाने त्यानंतर सोपी जातील.

लिंकन मोझेस, डेव्हिड शपिरो आणि बेंजामिन लिटनबर्ग यांनी १९९३ मध्ये अनेक अभ्यासांतून अशी एक सारांशरेषा काढायची सोपी रीत दिली आणि पुढची दहा वर्षे सगळे तीच वापरत होते. तिच्यात दोष होता. तीस रुग्णांचा अभ्यास आणि तीन हजारांचा अभ्यास यांच्या आकड्यांतली आपापली डळमळ आणि अभ्यासाअभ्यासातला खरा फरक, या दोन गोष्टी ती नीट वेगळ्या करत नव्हती. २००१ मध्ये कॅरोलिन रटर आणि कॉन्स्टँटिन गॅट्सोनिस यांनी पायऱ्यांचे प्रतिमान मांडले: खालच्या पायरीवर प्रत्येक अभ्यासातले रुग्ण, वरच्या पायरीवर अभ्यास. २००५ मध्ये योहानेस राइट्स्मा आणि सहकाऱ्यांनी दोन्ही मापे एकत्र बांधून, त्यांच्यातल्या परस्परसंबंधासह मोजणारे प्रतिमान दिले. दिसायला दोन वेगळे रस्ते. दोनच वर्षांत रॉजर हार्बर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की इतर घटक मध्ये आणले नाहीत तर दोन्ही प्रतिमाने गणिताने एकच आहेत. पद्धतींच्या इतिहासातला हा मला सर्वांत आवडणारा प्रसंग. एक गट वक्ररेषेपासून निघाला, दुसरा दोन मापांच्या जोडीपासून, आणि दोघे एकाच ठिकाणी पोचले.

कॉक्रेन संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली, पण चाचणीच्या अचूकपणावरचा तिचा पहिला आढावा आला २००८ मध्ये. या पंधरा वर्षांच्या अंतराचे एक कारण वर सांगितलेले गणित, आणि दुसरे शोधाशोध. औषधांच्या यादृच्छिक चाचण्यांना माहितीकोशांत ठरलेली खूण असते. चाचण्यांच्या अभ्यासांना तशी भरवशाची खूण नाही. गाळणी लावून शोधले तर महत्त्वाचे अभ्यास निसटतात, असे वारंवार दिसले. म्हणून आजाराचे आणि चाचणीचे नाव घेऊन हजारो शीर्षके डोळ्यांखालून घालावी लागतात. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

सापडलेल्या अभ्यासांचा कस लावायला पेनी व्हाइटिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये क्वाडास ही प्रश्नावली तयार केली आणि २०११ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आणली. रुग्ण कसे निवडले, चाचणी कशी केली आणि वाचली, कसोटी कोणती होती, आणि मध्ये किती वेळ गेला व कोण गळाले, अशा चार अंगांनी ती अभ्यास तपासते. त्यात एक शहाणपणाचा निर्णय आहे, की गुणांची बेरीज करायची नाही. दहापैकी आठ गुण मिळवणारा अभ्यास एका जागी इतका तुटलेला असू शकतो की त्याचा आकडा हातात धरण्यालायक राहत नाही. परीक्षेत टक्केवारी पाहण्याची सवय लागलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागतो.

अचूकपणाच्या पलीकडेही एक प्रश्न उरतो. रुग्णाचे भले होते का? टीबीच्या जीनएक्स्पर्टचे, म्हणजे आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ज्याला सीबीनॅट म्हणतात त्याचे, आकडे उत्तम आहेत. कॉक्रेनच्या २०१४च्या आढाव्यात संवेदनशीलता ८९ आणि विशिष्टता ९९ टक्के होती. तरीही त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या चार देशांतल्या यादृच्छिक चाचणीत उपचार त्याच दिवशी सुरू होण्याचे प्रमाण वाढले, पण रुग्णांच्या आजारपणात फरक पडला नाही. तिथले डॉक्टर आधीपासूनच लक्षणांवरून औषधे सुरू करत होते. याउलट एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या लघवीतून टीबी शोधणारी लॅम ही पट्टी. लक्षणे असलेल्या रुग्णांत तिची संवेदनशीलता जेमतेम ४२ टक्के. आकड्याकडे पाहून कुणीही तिला बाद केले असते. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्या एचआयव्ही रुग्णांतले आठ आठवड्यांतले मृत्यू २५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. बेडका काढण्याचीही ताकद नसलेल्या रुग्णाची लघवी मिळू शकते, उत्तर खाटेजवळच मिळते आणि उपचार त्याच दिवशी सुरू होतो. या दोन उदाहरणांवर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. घाईत असलेल्या वाचकाने निदान ते तरी वाचावे.

काही कामे अजून अर्धवट आहेत. दोन चाचण्यांतली चांगली कोणती, हा दवाखान्यातला रोजचा प्रश्न. पण बहुतेक अभ्यास एकेका चाचणीचेच असतात, आणि एकीचे अभ्यास एका प्रकारच्या रुग्णांत, दुसरीचे दुसऱ्याच रुग्णांत झालेले असतात. त्यांची आडून केलेली तुलना फसवू शकते. दोन्ही चाचण्या त्याच रुग्णांवर करणाऱ्या अभ्यासांचा कस लावण्यासाठी क्वाडासची वेगळी जोड आता आली आहे, पण मुळात तसे अभ्यास थोडे आहेत. एकाच अभ्यासातून अनेक उंबरठ्यांचे आकडे घेणारी प्रतिमानेही अजून घडत आहेत.

छातीचा एक्स-रे वाचणारी संगणक-प्रणाली हा यातला सर्वांत ताजा पेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा आणि त्यावरील वयाच्या लोकांच्या टीबी तपासणीसाठी तिला मान्यता दिली. ती 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. एक गुणांक देते आणि उंबरठा वापरणाऱ्याने ठरवायचा असतो. आधी टीबी होऊन गेलेले, वयस्कर आणि एचआयव्ही असलेले रुग्ण किती, यावर तो उंबरठा गावागणिक बदलू शकतो. शिवाय अभ्यास करून, छापून, आढाव्यात येईपर्यंत प्रणालीची पुढची आवृत्ती बाजारात आलेली असते आणि तिच्या गुणांकाचा अर्थ जुन्या आवृत्तीशी जुळेलच असे नाही. दोन आवृत्त्यांचे अभ्यास एकाच सारांशरेषेवर ठेवावेत की ती वेगळी चाचणी धरावी, यावर पद्धतकारांचे एकमत झालेले नाही. शेवटच्या प्रकरणात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. माझे मत वेगळी धरावी असे आहे, निदान दोन्ही आवृत्त्या त्याच फिल्मवर चालवून पाहिल्याचा पुरावा हाती येईपर्यंत.